सर्पगंधा : वैदूच्या झोळीतून दवाखान्यात

मूळ ग्रंथाचा अनुवाद म्हैसूर येथे चालू असताना दोन शब्दांपाशी लेखणी सर्वांत अधिक काळ अडून राहिली. एक ‘शामन’ आणि दुसरा ‘सायकेडेलिक’. पहिला शब्द सैबेरियातील तुंगूस लोकांच्या भाषेतून युरोपात गेला. तो संस्कृतातील ‘श्रमण’ या शब्दाचेच दूरचे रूप असावे असे काही पंडित मानतात. इतरांना ते मान्य नाही. मराठीत त्याच्या जागी ‘मांत्रिक’ हा शब्द घालावा, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी लिंबू आणि टाचण्या उभ्या राहतात. ‘भगत’ म्हणावे, तर अर्थ डहाणू-जव्हारकडील पाड्यांपुरता आकुंचित होतो. ‘देवऋषी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटला आणि तोच पुढे वापरला आहे. दुसऱ्या शब्दाची अडचण याहून बिकट होती. हंफ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने तो १९५६-५७ च्या सुमारास ग्रीक धातूंवरून बनविला. ‘मनाला प्रकट करणारे’ असा त्याचा अर्थ होतो. त्यापूर्वी वैद्यकीय लिखाणात याच द्रव्यांना भ्रम उत्पन्न करणारी किंवा वेडाची नक्कल करणारी द्रव्ये म्हणत. वस्तू तीच, पण एका नावाने ती मन उघडते आणि दुसऱ्या नावाने मन बिघडविते. कोणताही प्रतिशब्द निवडला तरी अनुवादक नकळत एका पक्षाला जाऊन मिळतो. म्हणून तो शब्द मराठी लिपीत तसाच ठेवला आहे.

मूळ ग्रंथ मेक्सिको आणि ॲमेझॉनचे खोरे यांच्याभोवती फिरतो. भारताचा उल्लेख त्यात ओझरता आहे. मराठी वाचकाला हा विषय परक्या मुलखातला वाटू नये, यासाठी आपल्याकडील एका वनस्पतीचा इतिहास या जोडप्रकरणात मांडला आहे. ही वनस्पती सायकेडेलिक नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तिच्या सेवनाने कोणाला दृश्ये दिसत नाहीत. परंतु गावठी उपचारातून निघून आधुनिक मनोविकारशास्त्राच्या दालनात शिरलेली आणि त्या शास्त्राची विचार करण्याची रीतच बदलून टाकणारी वनस्पती म्हणून तिच्याइतके ठळक उदाहरण दुसरे सापडत नाही. वैदू आणि डॉक्टर यांच्यामधील पुलावरून आज जी द्रव्ये चालली आहेत, त्यांच्या आधी सर्पगंधा त्या पुलावरून जाऊन आली आहे.

कण्हेर आणि सदाफुली ज्या कुळात मोडतात, त्याच कुळातील हे गुडघ्याएवढ्या उंचीचे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत दमट, सावलीच्या जागी ते उगवते. पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलांत, फुले पांढरी आणि त्यांचे देठ तांबडे, फळे पिकली की काळपट जांभळी. औषधात वापरतात ते मूळ. ते नागमोडी असून अतिशय कडू लागते. मराठीत या झुडपाला अडकई असेही नाव आहे. बिहारकडे हे मूळ बाजारात उघडपणे ‘पागल की दवा’ म्हणून विकले जाई. पाश्चात्य वनस्पतिशास्त्राने तिला सोळाव्या शतकातील लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव दिले. हे गृहस्थ सीरिया आणि इराकपर्यंत येऊन गेले, पण हिंदुस्थानात त्यांनी पाऊल ठेवले नाही. ज्याने ती पाहिली नाही त्याचे नाव तिला मिळाले, आणि ज्यांनी शतकानुशतके ती खणली, उगाळली आणि रोग्याला चाटविली त्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत.

मनावर परिणाम करणाऱ्या आपल्याकडील वनस्पतींची युरोपीय पद्धतीने केलेली पहिली महत्त्वाची नोंद गोव्यात झाली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ पासून गोव्यात राहिला आणि त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. भांगेविषयी लिहिताना तो गुजरातच्या बहादूरशहाची गोष्ट सांगतो. रात्री पोर्तुगाल, तुर्कस्थान किंवा इराण पाहून यावेसे वाटले की थोडी भांग खाल्ली म्हणजे काम भागते, असे त्या सुलतानाने मार्तिम आफोंसो द सोझा याला सांगितले होते. धोतऱ्याविषयीचा त्याचा मजकूर मात्र वेगळा आहे. अन्नात धोतरा घालून एका दासीला कोणी भुलविले आणि ती हसत राहिली असता घर लुटले, अशी ती हकीकत आहे. ‘सापाचे लाकूड’ म्हणून ज्या मुळांचे वर्णन त्याने केले आहे, त्यांतील एक सर्पगंधा असावी असे अनेक अभ्यासक मानतात. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. शंकराला वाहिला जातो म्हणून धोतरा निरुपद्रवी आहे, असा समज काहींच्या मनात असतो. धोतऱ्यातील ॲट्रोपिन आणि हायोसीन ही द्रव्ये मनाला काही प्रकट करीत नाहीत. ती शुद्ध हरपवितात, ताप चढवितात, हृदयाची गती वाढवितात आणि प्राणही घेतात. देवाच्या पायाशी शोभणारी प्रत्येक वस्तू माणसाच्या पोटात जाण्यासाठी नसते.

देवऋषी आणि वैद्य यांची फारकत आपल्या परंपरेत आज वाटते तितकी जुनी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, मणी, मंगल, बली, होम, उपवास यांचा आधार घेणारे ते दैवव्यपाश्रय. आहार आणि द्रव्ये यांची योजना करणारे ते युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणारे ते सत्त्वावजय. आज आपण ज्याला देवऋषीचे काम, डॉक्टरचे काम आणि मानसोपचारकाचे काम म्हणतो, ती तिन्ही येथे एकाच वैद्याच्या हाती दिलेली आहेत. उन्मादाचेही शरीरातील दोषांमुळे झालेला आणि बाहेरून आलेला असे भेद केलेले आहेत. या वर्गीकरणातील प्रत्येक गोष्ट आज जशीच्या तशी मानावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोग्याला तीन वेगवेगळ्या दारांत उभे करण्याची वेळ त्या वैद्यावर येत नव्हती, एवढे खरे.

आधुनिक कसोटीला सर्पगंधा लागली ती १९३१ साली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील नवे भारतीय औषध म्हणून तिच्यावर लेख लिहिला. मुळाचे २० ते ३० ग्रेन चूर्ण दिवसातून दोन वेळा दिले असता झोप येते, रक्तदाब उतरतो आणि रोग्याचा आवेग ओसरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी मुळातील काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीने मुळापासून केलेली ‘सर्पिना’ ही गोळी बाजारात आणली. म्हणजे चूर्णाची गोळी झाली होती आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येऊही लागली होती. तथापि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता लागला मुंबईमुळे. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे कित्येक वर्षे आपल्या रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देत होते. ५० रोग्यांवर केलेल्या चाचणीचा वृत्तांत त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लेख लहान, भाषा संयत आणि आकडे सरळ मांडलेले. त्यात ना प्राचीन गौरवाचा उद्घोष आहे, ना गावठी औषधाविषयीचा संकोच. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच होय. सेन आणि बोस यांनी जे सांगितले ते खरे होते. वकील यांनी ते दुसऱ्याला पडताळून पाहता येईल अशा रीतीने सांगितले. पुढे १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला.

यानंतर घटना झपाट्याने घडल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या संशोधकांनी मुळातील मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले. तेच रेझरपीन. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक रोग्यांवर हे मूळ वापरल्याची बातमी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली. ती नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाच्या वाचनात आली आणि १९५४ मध्ये त्यांनी रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयातील आपल्या प्रयोगांचा अहवाल दिला. तेथील काचा बसविणाऱ्या कारागिराला हा बदल आधी कळला, अशी आठवण ते सांगत: ज्या कक्षांत औषध दिले जाई तेथील तावदाने फुटण्याचे प्रमाण घटले होते. रोग्यांना बांधून ठेवण्याखेरीज उपाय नाही असे ज्या काळी मानले जाई, त्या काळात हे किती मोठे होते, याची कल्पना आज येणे कठीण. त्याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध पुढे आले होते आणि काही वर्षांत त्याने रेझरपीनला मागे टाकले. तरी मनोरुग्णालयांच्या साखळ्या सैल होऊ लागल्या त्या ज्या दोन औषधांमुळे, त्यांतील एक बिहारच्या बाजारातून आलेले होते.

रेझरपीनचे याहून मोठे कार्य प्रयोगशाळेत घडले. ते मेंदूत जाऊन नेमके काय करते? अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोअर आणि ब्रोडी यांनी १९५५ मध्ये दाखविले की, हे औषध दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेझरपीन देऊन निश्चल केले, आणि मग एल-डोपा देऊन त्यांना पुन्हा हिंडते-फिरते केले. डोपामीन या द्रव्याचे मेंदूतील कार्य त्यातून उलगडत गेले. कंपवाताच्या रोग्यांना आज जी गोळी दिली जाते तिचे मूळ या प्रयोगात आहे. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भावना, निराशा आणि भ्रम यांचा मेंदूतील रसायनांशी संबंध जोडणारा जो विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, त्याच्या पायाभरणीत या कडू मुळाचा वाटा आहे.

आणि येथेच ती ज्या द्रव्यांविषयी हा ग्रंथ आहे त्यांना भेटते. बाझल शहरातच, सँडोझ या दुसऱ्या कंपनीत, आल्बर्ट हॉफमान यांनी १९४३ मध्ये एल. एस. डी. चा परिणाम स्वतःवर अनुभवला होता. या द्रव्याचाही संबंध सेरोटोनिनशी आहे, हे पन्नाशीच्या दशकातच ध्यानात आले. मेक्सिकोतील अळंब्यांमधून हॉफमान यांनीच १९५८ मध्ये वेगळे केलेले सायलोसायबिन हेही मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहकांना जाऊन भिडते. सर्पगंधेने कोठारे रिती करावीत आणि अळंबीने त्याच कोठारांची किल्ली फिरवावी, असा हा प्रकार आहे. (सिबा-गायगी आणि सँडोझ या दोन्ही कंपन्या १९९६ मध्ये एकत्र होऊन त्यांची नोव्हार्टिस झाली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.)

आता या प्रवासात मागे काय राहिले ते पाहू. दवाखान्यात पोहोचलेले रेझरपीन शुद्ध होते, तोलून दिलेले होते, पण त्याच्या मात्रेचा अंदाज पाश्चात्य डॉक्टरांना नव्याने घ्यावा लागला. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रोग्यांना खोल उदासीनता आली. आत्महत्यांचीही वृत्ते आली. रेझरपीन नैराश्य आणते, असा सिद्धांत त्यावरून पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला. गंमत अशी की, लंडनमधील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये चिंताग्रस्त व उदास रोग्यांना हेच औषध देऊन सुधारणा नोंदविली होती. पुढील काळात जुन्या पुराव्याची छाननी होऊन तो सिद्धांत वाटला होता तितका पक्का नाही असे दिसून आले. मात्रा कोणती, रोगी कोणता, त्याच्याजवळ कोण बसले होते, हे प्रश्न नुसत्या द्रव्याच्या नावाने सुटत नाहीत. आणि हे मूळ कोणी घरी आणून उगाळून घ्यावे असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. रक्तदाब धोकादायक रीतीने उतरविण्याची शक्ती त्यात आहे. झाडाचे मात्र पुरते नुकसान झाले. मुळासाठी अख्खे झुडूप उपटावे लागते. मागणी वाढली तशी रानोमाळची सर्पगंधा विरळ होत गेली आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या यादीत तिचा समावेश करावा लागला.

देवऋषीकडे वळू. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वनस्पती पिऊन समाधी लावणारे उपचारक आहेत. आपल्याकडील देवऋषी बहुधा तसे करीत नाही. संबळ, हलगी, जागरण, उपवास, धूप आणि भोवती बसलेली माणसे यांच्या बळावर त्याच्या किंवा रोग्याच्या अंगात येते. वारली भगत तांदळाचे दाणे पाहून दुखण्याचे कारण सांगतो. नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर येथे आणलेली बाधित माणसे पालखीच्या वेळी घुमतात, ओरडतात, मग शांत होतात. वनस्पती नसली तरी, मूळ ग्रंथकार ज्याला मनाची आणि परिसराची पूर्वतयारी म्हणतो ती येथे पुरेपूर आहे. प्रश्न असा की, तिचा काही मापता येण्याजोगा परिणाम होतो काय?

याचे एक उत्तर जुन्या म्हैसूर संस्थानाशी नाते असलेल्या एका संस्थेतून आले. संस्थानचे बंगळूर येथील मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण झाले आणि ती निम्हान्स या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील एका खेड्याच्या मुथुस्वामी मंदिरात उपचारासाठी राहिलेल्या ३१ जणांची पाहणी करून २००२ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. हे लोक सरासरी सहा आठवडे तेथे राहिले. त्यांना औषधे दिली जात नव्हती. सकाळची साधी पूजा, मंदिर झाडणे, झाडांना पाणी घालणे, सोबत आलेल्या नातलगाच्या सहवासात दिवस घालविणे, एवढाच कार्यक्रम. तरी लक्षणे मोजण्याच्या मापावर त्यांच्यात जवळजवळ २० टक्के घट दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे या पाहणीचे वैगुण्य आहे आणि ते विसरता येत नाही. परंतु देवऋषीच्या अंगणात घडणारे सारे थोतांडच असते, असे ती वाचून म्हणवत नाही.

त्याच्या उलट टोकाला तामिळनाडूतीलच एरवाडी आहे. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना जागचे हलता आले नाही. श्रद्धेच्या जागी राहणे आणि श्रद्धेच्या नावाखाली जखडले जाणे यांतील अंतर येथे कळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

या दोहोंच्या मधली वाट सामान्य माणसाने स्वतःच काढलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, निपाणीजवळच्या एका खेड्यात, दूरच्या नात्यातील एक मावशी बाळंतपणानंतर रात्ररात्र बोलत बसायची. तिला देवऋषीकडे नेले. त्याने अंगारा लावला, नारळ उतरविला आणि निघताना तिच्या थोरल्या दिराला बाजूस घेऊन बजावले की, तालुक्याच्या डॉक्टरने दिलेल्या रात्रीच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नका. तिला बरे कशाने वाटले, हा वाद त्या घरात कधी झाला नाही. डॉक्टरला अंगाऱ्याचे कधीच सांगितले गेले नाही, एवढेच.

सायकेडेलिक द्रव्यांच्या बाबतीत हेच न सांगणे आता संपत आहे. मेक्सिकोतील वाउत्ला गावी मारिया साबिना या उपचारिकेने १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकनाला आपल्या रात्रीच्या विधीत बसू दिले. १९५७ मध्ये त्याचा सचित्र लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि गावात परदेशी तरुणांची रीघ लागली; तिच्या वाट्याला गावकऱ्यांचा रोष आला. पुढे १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने सायलोसायबिनवर कडक बंधने आली आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली ते निषिद्ध आहे. संशोधनाची दारे पुन्हा उघडली ती अलीकडे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्करोगाने खचलेल्या ५१ रोग्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २०२२ मध्ये इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रोग्यांवर चाचणी झाली. २५ मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रोग्यांत तीन आठवड्यांनी लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरलेली आढळली; बारा आठवड्यांपर्यंत हा लाभ पुष्कळांच्या बाबतीत टिकला नाही. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने विशिष्ट मनोविकारतज्ज्ञांना हे औषध देण्याची मुभा दिली आहे.

या चाचण्यांतील खोलीचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला ओळखीचे काही दिसेल. मंद प्रकाश, डोळ्यांवर पट्टी, निवडलेले संगीत, आदल्या भेटींत झालेली मनाची तयारी, आणि औषधाचा अंमल असेपर्यंत रोग्याजवळून न हलणारी प्रशिक्षित माणसे. सर्पगंधेच्या वेळी पुलापलीकडे केवळ मूळ गेले होते. या वेळी विधीचा काही भाग, नाव बदलून का होईना, मुळाबरोबर पलीकडे गेला आहे.

१९६२ मध्ये हॉफमान स्वतः वाउत्ल्याच्या डोंगरात गेले होते. त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या सायलोसायबिनच्या गोळ्या मारिया साबिनाला दिल्या. तिने त्या घेऊन रात्रभर आपला विधी केला, आणि पहाटे निरोप घेताना सांगितले की, गोळ्यांत अळंब्यांचीच शक्ती आहे. आता अळंब्या उगवत नाहीत त्या दिवसांतही मला लोकांच्या उपयोगी पडता येईल.